शुद्ध पाणी : सार्वजनिक हक्क की घरगुती खरेदी?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या परिसरातून एका विलक्षण विकाराचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. आधी जुलाब-उलट्या, त्यानंतर काही दिवसांनी पायांतली शक्ती जाणे, मग हात लुळे पडणे, आणि काहींच्या बाबतीत श्वासोच्छ्वासाचे स्नायूही निकामी होऊन यंत्राच्या आधाराने श्वास घेण्याची पाळी. जीबीएस या आद्याक्षरांनी तो विकार महाराष्ट्रभर ओळखला जाऊ लागला. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले काही दगावले. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून तो पोटात जातो. शरीर त्याच्याशी लढण्यासाठी जी शस्त्रे तयार करते, ती क्वचित प्रसंगी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात आणि माणूस अंथरुणाला खिळतो.

या वस्त्या कोठे आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. पुणे शहराला पाणी देणारे खडकवासला धरण त्यांच्या उशाशी आहे. धरणातले पाणी त्यांच्या अंगणावरून पर्वतीच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते, तेथे निवळते, गाळले जाते आणि मध्यवस्तीतल्या नळांना पोहोचते. नांदेड आणि किरकटवाडी २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आली. त्या वर्षी एकूण तेवीस गावे शहरात समाविष्ट झाली. गावे आली, इमारती उभ्या राहिल्या, घरपट्टीची बिले निघाली. पाणी मात्र विहिरीतून, नुसते जंतुनाशक घालून पुरवले जात होते, त्यामागे शुद्धीकरण केंद्र नव्हते. साथ पसरली त्या वेळी महापालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. आपल्या गल्लीतल्या पाण्याला वास येतो हे सांगायला नागरिकाने कोणाचे दार ठोठवायचे, या प्रश्नाला त्या काळात उत्तर नव्हते.

लोकांनी मग काय केले? ज्याला परवडले त्याने गाळणीयंत्र बसवले आणि ज्याला ते परवडले नाही त्याने वीस लिटरचा जार विकत घेतला. त्यानंतरच्या तपासणीत याच परिसरातील अनेक खासगी 'आर.ओ.' केंद्रांचे पाणीही पिण्यास अयोग्य ठरले. ज्या बाजाराकडे लोक आसऱ्यासाठी धावले, त्याच्याही घशात घाणच होती.

प्रस्तुत लेखाचा विषय ही एक साथ नाही. शहरातला नळ हा आपल्या चळवळीच्या दृष्टीने गेली कित्येक दशके 'मिळवण्याचा' विषय राहिला आहे. नळजोडणी मिळाली की मोर्चा यशस्वी झाला, असा आपला हिशेब असतो. त्या नळातून काय येते आणि कसे येते, हा प्रश्न आपण आरोग्य खात्यावर, डॉक्टरांवर आणि आता गाळणीयंत्रांच्या विक्रेत्यांवर सोडून दिला आहे. माझ्या मते ही वाटणी राजकीयदृष्ट्या घातक आहे.

प्रथम थोडे तांत्रिक. कार्यकर्त्यांना हे समजणे अवघड नाही आणि अभियंत्यांनी ते अवघड करून सांगण्याचेही कारण नाही. धरणातले पाणी शुद्धीकरण केंद्रात येते, तेथे तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन मिसळतात. मोठ्या शहरांतील केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी बहुतेक वेळा चांगले असते. मुंबईच्या भांडुप संकुलासारखी केंद्रे ही सार्वजनिक अभियांत्रिकीची कामगिरीच म्हटली पाहिजे. दोष शिरतो तो केंद्र आणि नळ यांच्या मधल्या कित्येक मैलांत.

आपल्या शहरांत पाणी दिवसातून दोन-चार तास येते, काही गावांत एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा येते. पाणी वाहत असताना नळीच्या आत दाब असतो, त्यामुळे चिरेतून पाणी बाहेर पडते, बाहेरचे आत शिरत नाही. पुरवठा बंद झाला की हा दाब जातो. नळी उताराकडे रिकामी होऊ लागते, आत पोकळी निर्माण होते आणि आजूबाजूच्या चिखलातले, गटारातले, फुटक्या मलवाहिनीतले जे काही असेल ते त्याच चिरेतून आत ओढले जाते. त्यातच पाणी येताच प्रत्येक घर थेट नळीला मोटर लावते आणि ही ओढ आणखी वाढते. शेजाऱ्याच्या मोटरने आपल्या घरात गटार आणावे, अशी ही व्यवस्था आहे. पुन्हा पाणी सुटते तेव्हा पहिले पाच-दहा मिनिटे गढूळ पाणी येते, ते आपण 'नळ धुतला जातोय' म्हणून सोडून देतो किंवा फडके लावून भरून घेतो. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नाही.

आपल्याकडच्या शहरांत तीस-चाळीस टक्के पाणी गळतीत आणि बेहिशेबी वापरात जाते, असे महापालिकांचेच अंदाज सांगतात. अर्थशास्त्राचे विद्यार्थी या आकड्याकडे बुडालेला महसूल म्हणून पाहतात आणि कंत्राटदार त्याच्याकडे नव्या योजनेची संधी म्हणून पाहतात. आरोग्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळाच आहे. ज्या छिद्रातून चोवीस तासांपैकी चार तास पाणी बाहेर जाते, त्याच छिद्रातून उरलेले वीस तास घाण आत येऊ शकते. गळतीचा आकडा हा रोगराईचाही आकडा आहे.

क्लोरीन या सर्वांवर उतारा आहे काय? काही अंशी आहे. नळाच्या टोकाशी दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक राहावा, अशी भारतीय मानक ब्युरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकाची अपेक्षा आहे. वाटेत शिरलेल्या थोड्याफार घाणीचा बंदोबस्त हा शिल्लक क्लोरीन करतो. पण घाण अधिक असली की तो तिच्यातच खर्च होतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. शिवाय विषाणू हे जिवाणूंपेक्षा चिवट असतात, याचा धडा या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९५५च्या अखेरीस यमुनेच्या पुरानंतर दिल्लीच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी नजफगड नाल्याचे सांडपाणी पोहोचले. अभियंत्यांनी धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवली. परिणामी टायफॉइड किंवा पटकीची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. कित्येक वर्षांनंतर जतन केलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले की ती 'ई' प्रकारची कावीळ होती. ही कावीळ एरवी बरी होते, परंतु गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जीवघेणी ठरते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि अनेकांचे बळी गेले. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला, समित्या झाल्या, न्यायालयात तारखा पडल्या. यंत्रमाग चालवणाऱ्या कामगाराला काविळीने महिनाभर अंथरुणात ठेवले तर त्याच्या घरी चूल कशावर पेटते, हा हिशेब कोणत्याही समितीच्या अहवालात येत नाही.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली बालकांना टायफॉइडची नवी लस देण्याची मोहीम हाती घेतली. सार्वजनिक क्षेत्रातला तसा तो पहिलाच उपक्रम होता आणि तो स्तुत्यही होता. लसीला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु फुटक्या नळीविरुद्ध मुलाच्या दंडात सुई टोचावी लागते, ही गोष्ट एखाद्या औद्योगिक महानगराला भूषणावह खचितच नाही.

आता एका अडचणीच्या पुराव्याकडे वळू. अडचणीचा म्हणजे आपल्या बाजूला अडचणीचा. हुबळी-धारवाड येथे २००८च्या सुमारास शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि उरलेल्या शहरात ते पूर्वीसारखेच काही दिवसांआड येत राहिले. संशोधकांनी दोन्ही भागांतील नळांचे नमुने तपासले. अखंड पुरवठ्याच्या भागात शंभरांतला जेमतेम एखादा नमुना विष्ठाजन्य जिवाणूंनी दूषित निघाला, तर खंडित पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण शंभरांत तीसच्या आसपास होते. दोन्ही भागांना पाणी त्याच शुद्धीकरण केंद्रांतून येत होते. फरक होता तो नव्या नळ्यांचा आणि अखंड दाबाचा. पुढे आरोग्याची पाहणी झाली तेव्हा बालकांच्या एकंदर अतिसारात फारसा फरक दिसला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र गरीब घरांतील बालकांमध्ये रक्ती आव कमी आढळली आणि टायफॉइडही कमी आढळला. म्हणजे लाभ झाला तो मुख्यतः ज्यांच्याकडे गाळणीयंत्र नव्हते त्यांना.

अडचण अशी की ती योजना जागतिक बँकेच्या कर्जावर आणि एका परदेशी खासगी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली राबवली गेली. त्यामुळे आपल्या गोटात 'चोवीस तास पाणी' हा शब्दप्रयोगच खासगीकरणाचा पर्यायशब्द होऊन बसला. तो संशय निराधार नव्हता. मुंबईत अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व प्रभागात जागतिक बँकेच्या पैशाने सल्लागार नेमून जो घाट घातला गेला, त्याला २००७ साली नागरिकांनी आणि कामगार संघटनांनी विरोध केला, तो योग्यच होता. नागपूरने २०१२ पासून पंचवीस वर्षांसाठी शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती दिला. त्यावरचे आक्षेपही सर्वश्रुत आहेत. परंतु खासगीकरण नको म्हणताना आपण खंडित पुरवठ्याचेच समर्थन तर करू लागलो नाही ना? 'आमच्याकडे पाणी कमी आहे, तेव्हा थोडे थोडे सोडणेच न्याय्य' हा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी ऐकू येतो. वस्तुतः खंडित पुरवठ्यात पाणी वाचत नाही. लोक भीतीने साठवतात आणि नवे पाणी आले की कालचे ओतून देतात. या साठवणीच्या पिंपांतच डेंग्यूचा डास वाढतो, हेही जाता जाता नमूद करावे.

दाब आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. कऱ्हाडजवळच्या मलकापूर नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाण्याची योजना राबवून दाखवली, तेथे मीटर बसले आणि वापराप्रमाणे आकारणी झाली. ओडिशात जगन्नाथपुरी शहरात जुलै २०२१ पासून थेट नळाचे पाणी पिण्याजोगे, चोवीस तास मिळू लागले, ते राज्य शासनाच्या मालकीच्या संस्थेकडून. इतिहासात मागे जायचे तर बर्मिंगहॅम शहराच्या पालिकेने १८७६ साली खासगी पाणी कंपनी विकत घेतली, ती शहराचे आरोग्य भागधारकांच्या नफ्यावर सोपवता येत नाही म्हणून. हे करणारा जोसेफ चेंबरलेन पुढे कट्टर साम्राज्यवादी झाला. तो काही समाजवादी नव्हता, पण त्या धोरणाला 'पाण्याचा नि गॅसचा समाजवाद' असे नाव पडले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भांडवलदारांच्या पुढाऱ्याला जे पटले, ते आपल्या आजच्या नगरविकास खात्याला पटू नये, याचे नवल वाटते.

का पटत नाही, याचे उत्तर माझ्या मते अर्थशास्त्रातच आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक साधा पण खोल विचार मांडला. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात, एक म्हणजे आवाज उठवणे आणि दुसरा म्हणजे निघून जाणे. जे चोखंदळ असतात, ज्यांच्या आवाजाला वजन असते, तेच आधी निघून गेले तर मागे राहिलेल्यांचा आवाज दुबळा होतो आणि संस्था आणखी बिघडते. आपल्या सरकारी शाळांचे असेच झाले, सरकारी रुग्णालयांचेही असेच झाले. आता नळाचे होत आहे. पाण्याच्या बाबतीत घर सोडून जावे लागत नाही, ओट्यावर एक यंत्र बसवले की नागरिक सार्वजनिक व्यवस्थेतून बाहेर पडतो आणि त्याचा बाहेर पडण्याचा क्षण कोणाच्या लक्षातही येत नाही. वकील, संपादक, अभियंता, आयुक्त आणि नगरसेवक हे सगळेच असे बाहेर पडले आहेत. खुद्द पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत जारचे पाणी ठेवलेले असते, ही गोष्ट आपण सर्वांनी पाहिली आहे.

लंडनमध्ये १८३२ पासून पटकीने लाटांमागून लाटा आल्या, हजारो माणसे मेली. जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले, तरी व्यवस्था हलली नाही. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या सभागृहात शिरली, खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्षाराने भिजवूनही ती थांबेना. तेव्हा अवघ्या काही आठवड्यांत कायदा झाला आणि बॅझलजेटने मलवाहिन्यांचे जाळे उभारले. याच्या उलट हॅम्बुर्गची कथा. तेथील विधानसभेत मालमत्ताधारकांचे प्राबल्य होते. कर वाढेल म्हणून त्यांनी गाळणकेंद्राचा खर्च वर्षानुवर्षे लांबवला आणि शहर एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पीत राहिले. १८९२ साली काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे पटकीने गेली. लगतचे अल्टोना शहर त्याच नदीचे, किंबहुना हॅम्बुर्गच्या घाणीने अधिक दूषित झालेले पाणी घेत होते. पण ते गाळून देत होते, म्हणून बहुतांशी वाचले. आपल्या लोकप्रतिनिधींना आज थेम्सचा वास येत नाही, कारण त्यांच्या खिडक्या बंद आहेत आणि आत वातानुकूलन चालू आहे.

या घरगुती शुद्धीचा खर्चही पाहण्यासारखा आहे. यंत्राची किंमत, दरवर्षीच्या गाळण्या, देखभालीचा करार, वीज यांची बेरीज करा आणि शहरातल्या लाखो घरांनी गुणा. जो पैसा एकत्र करून नळ्या बदलता आल्या असत्या, तो सुटा सुटा विक्रेत्यांच्या खिशात जातो. शिवाय 'आर.ओ.' यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडते. मुंबई-पुण्याला धरणाचे पाणी येते, त्यात क्षारांचे प्रमाण मुळातच कमी असते. क्षार काढणाऱ्या यंत्राची तेथे गरजच नाही. प्रश्न जंतूंचा आहे आणि जंतू पाणी उकळल्याने मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी अशा यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. बाजारपेठेवर त्याचा परिणाम शून्य झाला. अर्थात उकळण्याचा सल्लाही गरिबाला फुकट पडत नाही. पाच माणसांच्या घरातले पिण्याचे सारे पाणी रोज उकळायचे तर गॅसचे सिलिंडर किती दिवस पुरेल, हा हिशेब सल्ला देणाऱ्याने एकदा करून पाहावा. आणि तो हिशेब सांभाळायचा असतो घरातल्या बाईने.

'शुद्ध' या शब्दाचा आपल्याकडचा इतिहास मोठा बोलका आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. ओंजळीत पाणी यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंना चालत जावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले, ते गोमूत्र आणि शेण घालून! तेव्हा पाण्याची शुद्धता कोणाचा हात लागला यावर ठरत होती. आता ती कोणाला परवडते यावर ठरते. हात लावणारे आणि न परवडणारे लोक बव्हंशी तेच आहेत, याकडे सामाजिक न्यायाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्ष दिले पाहिजे. झोपडवस्तीतली नळी गटारातून जाते ती काही भूगोलाने नव्हे. तिथे नीट जलवाहिनी टाकणे म्हणजे वस्तीला मान्यता देणे होय, अशी प्रशासनाची धारणा असल्याने लोक पदरमोड करून पातळ नळ्या मिळेल त्या वाटेने, म्हणजे गटारातूनच, नेतात.

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. ते तानसा, वैतरणा, भातसा या खोऱ्यांतून येते. त्या शहापूर-मोखाड्याचे आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हा एक अन्याय. तेच पाणी शंभर किलोमीटर वाहून शहरात आल्यावर गोदीलगतच्या कौला बंदरसारख्या वस्तीला अधिकृतपणे मिळत नाही, हा दुसरा. त्या वस्तीच्या पाहणीत रहिवासी पाण्यासाठी महापालिकेच्या दराच्या पन्नास पटींहून अधिक पैसे मोजतात, असे आढळले होते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले की झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला जगण्यासाठी पाणी नाकारता येत नाही, कारण तो संविधानाच्या एकविसाव्या कलमाचा भाग आहे. महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला त्यानंतर २०२२ साल उजाडले. गोरेगावच्या बायकांचे हंडे घेऊन पालिकेवर धडकणाऱ्या आणि त्यामुळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणालताई गोरे यांचा वारसा सांगणाऱ्यांनी या आठ वर्षांचा जाब विचारायला हवा होता. तो विचारला एका लहानशा समितीने.

कायद्याची स्थिती अशी की बाटलीतले पाणी विकणाऱ्यावर ठरलेल्या मानकांची सक्ती आहे, ते मोडले तर खटला होऊ शकतो. नळाचे पाणी पुरवणाऱ्या महापालिकेला १०५०० क्रमांकाचे मानक ऐच्छिक आहे. कोट्यवधी लोक जे पाणी पितात ते चांगले असणे ऐच्छिक, आणि मूठभर लोक जे विकत घेतात ते चांगले असणे सक्तीचे! नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने राज्यांच्या राजधान्यांतील नळांच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. त्यात मुंबईचे सर्व नमुने मानकाला उतरले आणि दिल्लीचे सर्व नापास झाले. मुंबईकरांनी पाठ थोपटून घेतली. पण मुंबईचे नमुने होते अवघे दहा. सव्वा कोट वस्तीच्या शहराची प्रकृती दहा नळांवरून ठरवणे हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मान्य होणार नाही. नमुना कोणत्या गल्लीतला, पुरवठ्याच्या कोणत्या मिनिटाचा, टाकीतला की थेट नळीतला, हे कळल्याखेरीज टक्केवारीला काही अर्थ नसतो. त्यानंतर मानक सक्तीचे करण्याची भाषा झाली आणि दिल्ली सरकार व केंद्र सरकार यांच्या भांडणात ती विरून गेली.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले असते. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ते समान पाणीपुरवठा योजनेसाठीच. त्या योजनेची मूळ मुदत केव्हाच उलटून गेली. तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. आकारणीबाबत मात्र आपणही स्पष्ट बोलले पाहिजे. माणशी जगण्यापुरते पाणी विनामूल्य असावे, आणि त्यापुढे जो जितका अधिक वापरील त्याने चढत्या दराने पैसे द्यावेत. पोहण्याचे तलाव, हॉटेले, मोटारी धुणारे गृहसंकुल यांना आजच्या दराने पाणी देणे म्हणजे गरिबांच्या नावाने श्रीमंतांना अनुदान देणे होय. 'मीटर नको' ही घोषणा सरसकट देताना आपण कोणाची बाजू घेतो, हे तपासून पाहिले पाहिजे. तसेच पाणी सोडणारे चावीवाले, नमुने गोळा करणारे, क्लोरीन मिसळणारे हे कामगार आज अनेक ठिकाणी कंत्राटी झाले आहेत. कोणती नळी कोठून गटाराला छेदून जाते हे कागदावर नसते, ते जुन्या चावीवाल्याच्या डोक्यात असते. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला की ते ज्ञानही जाते. पाण्याची लढाई आणि त्या कामगारांना कायम करण्याची लढाई या वेगळ्या नाहीत.

टँकरबद्दल दोन शब्द. टंचाईत टँकर मागवणे चूक नाही. पण कार्यकर्त्याने फोन करावा, टँकर यावा, त्यावर फलक लागावा आणि वस्तीने कृतज्ञ व्हावे, हा जो शिरस्ता सर्वच पक्षांत पडला आहे, त्यात नागरिकाचा याचक होतो. टँकरच्या पाण्याची तपासणी तर कोणीच करीत नाही.

येत्या पावसाळ्याआधी आपल्या शहर शाखांनी एक काम हाती घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. क्लोरोस्कोप नावाची लहानशी पेटी मिळते. तिच्यातल्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की शिल्लक क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो, रंग आला नाही तर क्लोरीन नाही. विष्ठाजन्य दूषितता ओळखण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनीच १९८२ साली प्रसिद्ध केलेली एक स्वस्त पद्धत आहे, तिच्यात बाटलीत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची, ती काळी पडली तर पाणी संशयास्पद समजायचे. या चाचण्या महापालिकेच्या प्रयोगशाळेची जागा घेणार नाहीत, पण कोणत्या गल्लीचा नमुना प्रयोगशाळेत न्यायचा हे त्या सांगतील. नमुना पाणी सुटल्याबरोबरचा एक आणि अर्ध्या तासानंतरचा एक असे दोन घ्यावेत. टाकीतला किंवा पिंपातला घेऊ नये, नाही तर दोष रहिवाशावर ढकलला जातो. वहीत तारीख, वेळ, गल्ली आणि नळी गटारातून जाते की नाही हे लिहावे. वस्तीतल्या महिला मंडळाच्या दोघी-तिघींना हे शिकवले तर त्या ते आपल्यापेक्षा नेटाने करतील. दर पंधरवड्याला या नोंदींची एक प्रत आरोग्य अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावी, एक प्रत रेशन दुकानाच्या फलकावर लावावी आणि महापालिकेने त्याच गल्लीत घेतलेल्या नमुन्यांचे निकाल माहिती अधिकारात मागवून त्यांच्या शेजारी लावावेत.